पोत्यावरचा 'संपूर्ण' हा शब्द



विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, की समीक्षेच्या व्याख्यानात कुत्र्याचं खाद्य कुठून आलं? प्रश्न रास्त आहे. समीक्षा म्हणजे काय, तर समोरची गोष्ट स्वतःबद्दल काय दावा करते ते नीट वाचायचं आणि तो दावा ती पुरा करते का ते तपासायचं. पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते. मग ज्या पोत्यासाठी आपण महिन्याला दोन-अडीच हजार रुपये मोजतो, आणि ज्याच्यावर घरातल्या एका मुक्या जिवाचं सगळं पोषण चालतं, त्या पोत्याची समीक्षा का होऊ नये? त्याच्यावर मजकूर काय कमी असतो?

आणि कुपवाडमध्ये हा विषय मांडायला एक कारण आहे. इथं एमआयडीसी आहे. फाउंड्री, मशीन शॉप यांच्याशी तुमच्यापैकी अनेकांचा रोजचा संबंध. कास्टिंगचा माल आला की तुम्ही काय करता? रंग बघून उतरवून घेता का? नाही. टेस्ट सर्टिफिकेट मागता, हीट नंबर जुळवता. नुसतं केमिकल ठीक असून चालत नाही, तुकडा ओढून ताकदही बघावी लागते. ही सवय अंगात मुरलेली माणसं संध्याकाळी पेट शॉपमध्ये जातात आणि वीस किलोचं पोतं वरच्या चित्रावरून घेऊन येतात. एवढंच मला आज मोडायचं आहे. दिवसा जी नजर लोखंडाला लावता, तीच संध्याकाळी पोत्याला लावा.

पोत्याची पुढची बाजू

पुढच्या बाजूला काय असतं? चकाकणारा कुत्रा, भाजलेल्या कोंबडीची तंगडी, गाजर, वाटाणे. त्यावर 'प्रीमियम', 'सुपर प्रीमियम'. हे शब्द पोषणशास्त्रातले नाहीत. 'सुपर प्रीमियम' लिहिलं म्हणून आत अमुक इतकं जास्त काही असलंच पाहिजे, असं बंधन नाही. अमेरिकेत तर नावातल्या एकेका शब्दाचं गणित आहे. नाव नुसतं 'चिकन' असेल तर एक प्रमाण, 'विथ चिकन' असेल तर ३ टक्के चिकन पुरतं, आणि 'चिकन फ्लेवर' असेल तर चव लागली म्हणजे झालं. आपल्याकडच्या पोत्यांवर शब्द तेच आलेत. त्यांच्यामागचं गणित गिऱ्हाइकाला कुणी सांगितलेलं नाही.

त्या सगळ्या मजकुरात एकच शब्द खरोखर वजनदार आहे. तो बहुतेक वेळा बारीक टाइपात, मागच्या बाजूला असतो: 'संपूर्ण आणि संतुलित आहार'. म्हणजे कंपनी म्हणते, की दुसरं काहीही न घालता, नुसतं हे आणि पाणी यावर तुमचा कुत्रा जगेल, धड राहील. केवढा मोठा दावा आहे हा! आपण माणसांसाठी असा एक पदार्थ दाखवू शकतो का, की जो जन्मभर दोन्ही वेळेला तोच खायचा? म्हणून समीक्षा करायची तर या शब्दाची करायची. बाकीची सजावट आहे.

दुसरी परात

इथं कुणीतरी म्हणणारच, की एवढं कशाला, आमच्या आजोबांची कुत्री भाकरीवर जगली. हा मुद्दा टाळण्यासारखा नाही, कारण आपला भाग कुत्र्यांचा आहे. कारवानी कुत्रा या दख्खनचा. शेजारच्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी तो जोपासला, 'मुधोळ हाउंड' म्हणून २००५ साली टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढलं. जत-आटपाडीकडं मेंढरांच्या कळपाबरोबर फिरणारी कुत्री तुम्ही पाहिली असतील. ज्वारी-बाजरीची भाकरी, ताक, कधी दूध, यावर ती वाढली हे खरं आहे.

आणि कुत्र्याला धान्य पचत नाही, तो लांडगाच आहे, हे जे सांगितलं जातं ते खोटं आहे. २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांचा निबंध आला. पिष्ट पचवणारं अमायलेज तयार करणारं जे जनुक, त्याच्या लांडग्यात दोनच प्रती, आणि कुत्र्यात ४ ते ३०. माणसाच्या चुलीजवळ राहून कुत्रा आतून बदललेला आहे. म्हणजे भाकरी त्याला परकी नाही.

पण मेंढरांमागचा तो कुत्रा नुसत्या भाकरीवर जगत होता का? भाकरी ही त्याची एक परात. दुसरी परात म्हणजे रान. उंदीर, घूस, ससा, मेंढी व्याली की वार, मेलेलं जनावर, हाडं. प्रथिनं, कॅल्शियम, तांबं, जस्त, ड जीवनसत्त्व, हे सगळं तो तिथून उचलत होता. आणि ज्यांना ते मिळालं नाही त्यांची मोजणी कुणी ठेवली? सात पिल्लांतली दोन जगली तर ती दोन आपल्या आठवणीत राहतात.

आता आपल्या कॉलनीतला कुत्रा बघा. गच्चीवर, नाहीतर गेटाला साखळीने बांधलेला. त्याला दुसरी परात नाही. तुम्ही भांड्यात घालाल तेवढंच त्याचं जग. भांडं एकच झालं की ते भरणाऱ्याची जबाबदारी पूर्ण होते, मग भरणारी कंपनी असो की तुमची भाकरी असो. माझा आजचा मुद्दा म्हणजे हाच. 'संपूर्ण' हा शब्द ज्याला लावायचा त्याने संपूर्ण असल्याचा पुरावा द्यायचा. पोत्यानेही आणि भाकरीनेही.

प्रथिनं की नायट्रोजन?

पोत्याच्या मागे एक तक्ता असतो. क्रूड प्रोटीन किमान २२ टक्के, क्रूड फॅट किमान १० टक्के, फायबर कमाल, ओलावा कमाल. आपण काय करतो, दोन पोती शेजारी ठेवून २२ आणि २६ बघतो आणि २६ वालं चांगलं म्हणतो. यातला 'क्रूड' हा शब्द नीट वाचा. प्रयोगशाळेत प्रथिनं मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात. १८८३ साली कोपनहेगनला, कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी ही पद्धत काढली. प्रथिनात सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून जेवढा नायट्रोजन सापडेल त्याला ६.२५ ने गुणायचं आणि उत्तराला प्रथिनं म्हणायचं. पद्धत वाईट नाही, आजही वापरतात. पण नायट्रोजन कुठून आला हे ती विचारत नाही.

शेतकरी मंडळींना हे लगेच कळेल. युरियाच्या पोत्यावर काय असतं? नायट्रोजन ४६ टक्के. गुणा ६.२५ ने. २८७ टक्के 'प्रथिनं'! कोंबडीची पिसं घ्या. नायट्रोजनच्या हिशेबाने त्यांत ८० टक्क्यांच्या वर प्रथिनं निघतात. पण पिसं तशीच दिली तर कुत्र्याला ती पचत नाहीत, वाफेच्या दाबाखाली फोडल्याशिवाय. तक्त्यात मात्र पीस आणि अंडं एकाच रांगेत बसतात.

हे नुसतं गणितातलं चोचलं नाही. मार्च २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत मेनू फूड्स या कंपनीला कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे कोट्यवधी डबे आणि पाकिटं परत मागवावी लागली. जनावरांची मूत्रपिंडं निकामी होत होती. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं निघालं. मेलामाइन म्हणजे ज्याच्या प्लेटा बनतात त्याचा कच्चा माल. ते का मिसळलं? त्यात ६६ टक्क्यांवर नायट्रोजन असतो. एक ग्रॅम घातलं की चाचणीत चार ग्रॅमहून जास्त प्रथिनं दिसतात. आकडा पास झाला, जनावरं गेली. आणि दुसऱ्याच वर्षी, २००८ मध्ये, तेच मेलामाइन चीनमध्ये तान्ह्या बाळांच्या दूध पावडरीत सापडलं. कुत्र्यांच्या भांड्यात धोक्याची घंटा आधी वाजली होती.

सरळ भेसळ सोडा. कोरडे दाणे बनतात कसे? पिठाचं मिश्रण एक्स्ट्रूडरमधून दाबून, वाफ आणि उष्णता देऊन काढतात, दाणा फुगतो, वाळवतात, वरून चरबी आणि चव फवारतात. या उष्णतेत लायसीन नावाच्या आवश्यक अमिनो आम्लाचा काही भाग साखरेशी जखडला जातो आणि कुत्र्याला मिळत नाही. नायट्रोजन मात्र तेवढाच राहतो. म्हणजे तक्त्यातल्या २२ मधून कुत्र्याच्या अंगाला किती लागले, हे तक्ता सांगतच नाही. तो पचनाची चाचणी घेणाराच सांगू शकतो.

घटकांची यादी आणि पाण्याचं वजन

मग जरा जाणकार माणूस म्हणतो, आकडे सोडा, मी घटक वाचतो, पहिला घटक मांस पाहिजे. इंटरनेटवर पोत्यांना तारे देणारी बरीच मंडळी याच नियमावर चालतात. या नियमाची फसगत कुठं होते ते बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा रिवाज आहे, आणि ते वजन मिश्रणात टाकतानाचं. ताज्या चिकनमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास पाणी. समजा ३० किलो ताजं चिकन टाकलं आणि २५ किलो चिकन मील, म्हणजे वाळवून दळलेलं. यादीत चिकन पहिलं येणार. पण पाणी उडाल्यावर चिकनचे उरतात साधारण ९ किलो, आणि मीलचे २३ तरी राहतात. मग खरा पहिला कोण?

दुसरी युक्ती वाटणीची. 'तांदूळ, तांदळाची कणी, तांदळाचा कोंडा' असं तीन ठिकाणी लिहिलं की प्रत्येक खाली सरकतो आणि मांस वर दिसतं. तिघांची बेरीज केली तर भातच वरचढ निघू शकतो. यात लबाडीच असते असं नाही. पण यादीवरून दर्जा ओळखता येतो हा जो आत्मविश्वास आहे, तो सोडून द्या.

या आत्मविश्वासाची किंमत एकदा मोजून झाली आहे. 'धान्यमुक्त' खाद्याची लाट आली, धान्याच्या जागी वाटाणे, मसूर आले आणि किंमत वाढली. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने जाहीर केलं, की अशा खाद्यावरच्या कुत्र्यांत हृदयाचा स्नायू पसरट होण्याच्या आजाराच्या तक्रारी येत आहेत, आम्ही तपास करतो आहोत. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी सांगितलं की नवं काही ठोस हाती येईपर्यंत आता निवेदनं देणार नाही. तेव्हा मी 'वाटाण्याने हृदय बिघडतं' असं म्हणत नाही. पण एक गोष्ट उरतेच. लोकांनी धान्य काढून टाकायला जे पैसे मोजले, त्याच्यामागे धान्य वाईट असल्याचा पुरावा नव्हता. घटकाच्या नावावरचा राग होता.

पाच मिनिटांचा हिशेब

आता कागदावर बसून काय करता येतं ते बघू. समजा दोन पोती आहेत. आकडे मी उदाहरणासाठी घेतोय, कुठल्या ब्रँडचे नाहीत. पहिलं: प्रथिनं २२, चरबी १०, फायबर ४, ओलावा १०, राख ८. दुसरं: प्रथिनं २६, चरबी १६, फायबर ३, ओलावा १०, राख ७. कर्बोदकं पोत्यावर लिहिलेली नसतात. ती शंभरातून बाकी सगळं वजा करून काढायची. पहिल्यात ४६, दुसऱ्यात ३८.

प्रथिनाला आणि कर्बोदकाला ग्रॅममागे साडेतीन किलोकॅलरी धरा, चरबीला साडेआठ. कुत्र्याच्या खाद्यासाठी हाच ढोबळ हिशेब वापरतात. पहिल्या पोत्यात शंभर ग्रॅमला ३२३ कॅलरी, दुसऱ्यात ३६०. आता दर हजार कॅलरीमागे प्रथिनं काढा. पहिल्यात ६८ ग्रॅम, दुसऱ्यात ७२. बघा, २२ आणि २६ मधलं अंतर किती आकसलं! कुत्रा किलोने खात नाही, कॅलरीने खातो. आणि प्रौढ कुत्र्यासाठी अमेरिकेतला किमान आकडा हजार कॅलरीमागे ४५ ग्रॅम आहे. दोन्ही पोती त्याच्या बरीच वर आहेत.

किमतीचंही तसंच. पहिलं २०० रुपये किलो, दुसरं २६० धरा. किलोला ३० टक्के महाग. पण वीस किलोच्या साधारण चपळ कुत्र्याला दिवसाला १०६० कॅलरीच्या आसपास लागतात. पहिल्याचे ३२८ ग्रॅम घालावे लागतील, दुसऱ्याचे २९४. दिवसाचा खर्च साडेपासष्ट रुपये आणि साडेशहात्तर. फरक १७ टक्क्यांवर आला. कधी हा हिशेब महागाच्या बाजूने लागेल, कधी स्वस्ताच्या. माझा आग्रह एवढाच, की तो करा. पगारातून जाणारा पैसा आहे.

तीच कसोटी भाकरीला

पोत्याला जाब विचारला, आता भाकरीला विचारू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते आहेत. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं, ३३४ कॅलरी, २८ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २७४ मिलिग्रॅम फॉस्फरस. कुत्र्याच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीने किंवा दुपटीपर्यंत हवं. ज्वारीत ते दहावा हिस्सा आहे.

त्याच वीस किलोच्या कुत्र्याला २०० ग्रॅम पिठाच्या भाकरी आणि ४०० मिलिलिटर म्हशीचं दूध द्या. कॅलरी साधारण भरल्या, ११०० च्या घरात. प्रथिनं सुमारे ३५ ग्रॅम झाली, हवी होती ४८. दोन अंडी घातली की ती भरली. पण कॅल्शियम? सगळं मिळून सहाशे मिलिग्रॅमच्या आत. हवं तेराशे. आणि रोज ४०० मिलिलिटर म्हशीचं दूध कुत्र्याला कोण घालतो, सांगा. नुसत्या भाकरीवर असलेल्या कुत्र्याला तर गरजेच्या पंधराव्या हिश्श्याएवढं कॅल्शियम मिळतं.

ते कमी पडलं की काय होतं? रक्तातलं कॅल्शियम शरीर घसरू देत नाही. ते हाडातून काढून घेतं. मोठा कुत्रा बराच काळ तग धरतो. वाढत्या पिल्लाला काढून द्यायला शिल्लकच नसते. पाय वाकतात, पाठ खचते, उडी मारली तरी हाड मोडतं. नुसत्या बिनहाडाच्या मटण-चिकनवर वाढवलेल्या पिल्लाचंही हेच होतं, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र. आणि 'उन्हात बसवा, ड जीवनसत्त्व मिळेल' हा माणसाचा नियम कुत्र्याला लागू नाही. त्याच्या कातडीत ते पुरेसं तयार होत नाही, त्याला ते खाण्यातूनच लागतं.

म्हणजे भाकरी टाकाऊ आहे का? मुळीच नाही. भाकरी, अंडी, दही, मांस आणि मोजून दिलेलं कॅल्शियम, जस्त वगैरे, असा घरचा आहार उत्तम बसवता येतो. पण तो बसवावा लागतो. आपल्या सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पशुवैद्याकडून एकदा प्रमाण लिहून घ्या. 'घरचं आहे' हा शब्दही 'प्रीमियम'इतकाच पोकळ असू शकतो.

सर्टिफिकेट कुणाचं?

आता पोत्यावरचं ते वाक्य: 'एएएफसीओच्या निकषांनुसार'. ही अमेरिकेतल्या खाद्य-नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना. ती निकष सुचवते. ती स्वतः खाद्य तपासत नाही, मंजूर करत नाही, प्रमाणपत्र देत नाही. तेव्हा ते वाक्य म्हणजे कंपनीने स्वतःच्या सहीने स्वतःला दिलेला दाखला. आपल्याकडं भारतीय मानक ब्युरोचं कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचं आयएस ११९६८ हे मानक आहे. आणि २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यातल्या 'अन्न' या व्याख्येतून जनावरांचं खाद्य वगळलेलं आहे, हेही ध्यानात ठेवा. बिस्किटाच्या पुड्यामागे जो कायदा उभा असतो, तो या पोत्यामागे तसा उभा नाही.

'संपूर्ण' म्हणण्याचे रस्ते मुख्यतः दोन. एक, कागदावर किंवा प्रयोगशाळेत सगळे घटक निकषात बसवायचे. ही झाली केमिकल टेस्ट. दोन, प्रत्यक्ष कुत्र्यांना खाऊ घालून बघायचं. ही ओढून बघायची टेस्ट. दुसरी जास्त भरवशाची वाटते, पण तिचीही मर्यादा बघा. प्रौढांसाठी आठ कुत्री, २६ आठवडे, आठांपैकी सहांनी शेवटपर्यंत टिकायचं, वजन आणि रक्ताच्या मोजक्या तपासण्या. सहा महिन्यांत जे दिसत नाही ते सहा वर्षांत दिसू शकतं. म्हणून दोन्ही केलेलं खाद्य सर्वांत बरं. आणि दोन्हीपैकी काय केलं हेच न सांगणारं खाद्य कितीही चकचकीत असलं तरी माझ्या हिशेबात खालच्या पायरीवर.

'संपूर्ण' कुणासाठी, हेही वाचा. प्रौढासाठी, पिल्लासाठी, की मोठ्या जातीच्या पिल्लासाठी? लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन यांच्या पिल्लांना कॅल्शियम जास्त झालेलंही सोसत नाही, कारण लहान पिल्लू आतड्यातून येणारं जादा कॅल्शियम रोखू शकत नाही. १९८० च्या दशकात नेदरलँड्समधल्या उट्रेक्टला ग्रेट डेनच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात जादा कॅल्शियमनेच हाडं बिघडलेली दिसली. आणि आपल्याकडं काय चालतं? पिल्लाचं संपूर्ण खाद्य चालू आणि वरून कॅल्शियमचं सिरप, 'हाडं मजबूत होतील' म्हणून. जे खाद्य खरोखर संपूर्ण आहे त्याच्यावर सिरप ओतणं म्हणजे त्याचा समतोल आपल्या हाताने मोडणं. आणि ते संपूर्ण नसेल, तर मुळात विकत कशाला घेतलं?

शेवटचा मुद्दा सुट्या खाद्याचा. मोठं पोतं फोडून किलोवर विकतात, थोडं स्वस्त पडतं. पण पोत्याबरोबर बॅच नंबर गेला, तारीख गेली. तुमच्या भाषेत, हीट नंबर पुसला. मक्यावर वाढणाऱ्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष एक्स्ट्रूडरच्या उष्णतेतही पुरतं नष्ट होत नाही. २००५ च्या अखेरीला अमेरिकेत त्यामुळे कुत्री दगावली आणि कोरडं खाद्य परत मागवलं गेलं. असं परत मागवतात ते बॅच नंबरवरून. आपल्या हातात साधी पिशवी असेल तर कळणार कसं? शिवाय वरून फवारलेली चरबी उघड्यावर, सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये, खवट व्हायला वेळ लागत नाही. पोतं घ्या, मूळ पोत्यासकट झाकणाच्या डब्यात ठेवा, महिना-दीड महिन्यात संपेल एवढंच घ्या.

पाच प्रश्न

मग दर्जा ठरवायचा कसा? पोत्यावर ग्राहक सेवेचा नंबर असतो. फोन करा, पाच प्रश्न विचारा. एक, हे कोणत्या वयासाठी संपूर्ण आहे आणि ते कशावरून ठरवलं, कागदावर की खाऊ घालून? दोन, किलोला कॅलरी किती? तीन, कॅल्शियम आणि फॉस्फरस नेमकं किती, 'किमान' नाही, प्रत्यक्ष? चार, हे सूत्र कुणी बसवलं, पशुपोषण शिकलेला माणूस कंपनीत आहे का? पाच, प्रत्येक बॅचची तपासणी होते का, बुरशीच्या विषाची होते का, आणि बनवता कुठं, स्वतःच्या कारखान्यात की दुसऱ्याकडून करून घेता? उत्तरं वहीत लिहा. जी कंपनी उत्तर देते ती चांगलीच, असं नाही. पण जी देत नाही, तिला 'संपूर्ण' हा शब्द वापरायचा हक्क आपण का द्यायचा?

आणि शेवटची तपासणी कुत्र्याच्या अंगावर. फासळ्यांवरून हात फिरवा. न दाबता बोटाला लागल्या पाहिजेत. वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे. कारवानी असेल तर शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसतात, ती उपासमार नाही, ती त्याची ठेवण आहे. त्याला लॅब्रॅडोरसारखा गोल करू नका. शी बांधीव हवी, आणि खाण्याच्या मानाने फार जास्त नको. जास्त होत असेल तर पोत्यातलं बरंचसं पचत नाही, असा त्याचा साधा अर्थ. केसांच्या चमकेवर मात्र फार जाऊ नका. चमक चरबीने येते, हाडांचा हिशेब ती सांगत नाही.

पुस्तक आवडलं नाही तर वाचक ते मिटतो. कुत्र्याला ती सोय नाही. साखळी आपण बांधली, दुसरी परात आपण काढून घेतली, आणि उरलेल्या एका भांड्यात काय पडतं हे तो वाचू शकत नाही. त्याच्या वतीने वाचणं आपल्याकडं आलं. आज घरी गेल्यावर पोतं उलटं करा आणि मागच्या बाजूपासून वाचायला लागा.